मावळतीला घेतलेला वर्णपट

“बटू,” मी म्हटलं आणि कागद डावीकडच्या ढिगावर टाकला.

“कशावरून?” निलोफरताईनं चहाच्या कपातून तोंड वर न काढता विचारलं.

“इथे खाच खोल आहे.”

“आणि हा?”

“राक्षस. याला खाच दिसतच नाही.”

“आणि हा?”

“माहीत नाही.”

“वा,” ती म्हणाली. “मॅडम, ऐकलंत का? हे ‘माहीत नाही’ म्हणायला मला पीएचडीची दोन वर्षं लागली. ही पोरगी चौथ्या दिवशी म्हणतेय.”

मॅडम म्हणजे माझी शैलाआत्या. ती संगणकावरून मान न वळवता म्हणाली, “तिला कौतुक नको, चहा दे.”

तेव्हा मी नववी संपवून दहावीत जाणार होते. आता बारावीत आहे आणि माझं तोंड बंद करायला आमच्या बाईंना टेबलावर डस्टर आपटावं लागतं. आंतरशालेय वक्तृत्वाचे तीन करंडक आमच्या शोकेसमध्ये दाटीवाटीनं उभे आहेत. त्यामुळे मला ओळखणाऱ्यांना पटणार नाही, पण त्या उन्हाळ्यात मी दिवसभरात जे काही बोलायचे, त्यातलं निम्मं ‘बटू’ आणि निम्मं ‘राक्षस’ एवढंच असायचं.

आत्या पुण्यातल्या एका संस्थेत ताऱ्यांवर काम करते. सुट्टीत आईनं मला तिच्याकडे पाठवलं, आणि घरी एकटी ठेवण्यापेक्षा बरं म्हणून आत्या मला रोज ऑफिसात न्यायची. तिथे निलोफर मुजावर होती, मिरजेची, आत्याच्या हाताखाली पीएचडी करणारी. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यापुढे कागदांचा ढीग ठेवला. प्रत्येक कागदावर एका लालसर, थंड ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे त्याचा प्रकाश फोडून काढलेला आलेख. दातेरी करवतीसारखी एक वेडीवाकडी रेघ.

“हे बघ,” ती म्हणाली, “आकाशात दोन लाल ठिपके आहेत. रंग तोच, तेज तेच. पण एक असतो बारका आणि जवळ. दुसरा असतो अवाढव्य आणि भयंकर लांब. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. मग ओळखायचं कसं?”

मी त्या रेघेकडे बघत राहिले.

“बारक्याला आम्ही बटू म्हणतो, अवाढव्याला राक्षस. अशा थंड ताऱ्यांचा बराचसा प्रकाश लाल, म्हणून लाल भागातच बघायचं. तिथे कॅल्शियम आणि हायड्रोजन यांची एक जोडी असते, ती थोडा प्रकाश खाते. खाल्ला की इथे खाच पडते. आता तू मिरजेच्या उरुसात गेलीयस असं समज. इतकी गर्दी की मुंगीला जागा नाही. कुणाचा हात सुटला तरी लगेच दुसऱ्या कुणाचा तरी हातात येतो, हो की नाही? बटूचं तसं. सगळं दाबून बसवलेलं, म्हणून जोड्या टिकतात आणि खाच खोल पडते. राक्षस म्हणजे मोकळं माळरान. हात सुटला की सुटला, आसपास कुणीच नाही. मग जोड्या कमी, आणि खाच उथळ.”

“बरं,” मी म्हटलं.

“एवढंच? मी एवढा उरूस भरवला आणि तू नुसतं बरं?”

तिला वाईट वाटावं म्हणून मी तसं केलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी भूल दिल्यावर गाल होतो ना, आपलाच असून दुसऱ्याचा वाटणारा, चहा ओघळला तरी न कळणारा, तशी मी झाले होते. फक्त गालापुरती नाही.

आदल्या वैशाखात माझे बाबा गेले. मेंदूत गाठ होती. बाबा बार्शीच्या बाजार समितीत कारकून होते, पण गावात त्यांना कारकून म्हणून कुणी ओळखत नव्हतं. कबड्डीचे सामने असले की माईकवर कमलाकर गव्हाणे, हे ठरलेलं. माईक हातात आला की ते आधी विचारायचे, “मागच्यांना ऐकू येतंय का?” आणि मागून “येतंय” असा गलका झाल्याशिवाय सामना सुरू व्हायचा नाही.

ते गेले तेव्हा मी रडले नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. माझी चुलती दारात उभी राहून शेजारणीला म्हणाली, “नाव आर्द्रा, पण पोर कोरडी ठाक.” मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली होती. मला ऐकू आलं, पण त्याचंही काही वाटलं नाही.

आणि आता त्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं.

आईचा फोन दुपारी डब्याच्या वेळी यायचा.

“जेवलीस का?”

“हो.”

“काय होतं?”

“भाजी.”

“कसली?”

मला आठवत नव्हतं. डबा समोरच उघडा होता, म्हणून वाकून बघितलं. “दोडका.”

आई म्हणाली, “शुक्रवारी तुझ्या बाबांचं वर्षश्राद्ध आहे. आत्या गुरुवारी निघणार आहे. येतीस ना तिच्याबरोबर?”

“नाही.”

“का गं?”

“काम आहे.”

“तुला कसलं काम, बाई?”

“तारे निवडायचेत.”

“तारे कुठं पळून चाललेत?” आई म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, चिडका असता तर सोपं गेलं असतं. “आर्द्रा, सगळी येणार आहेत. तुझी काकू येणार, सोलापूरचे मामा येणार. तू नसलीस तर त्या गर्दीत मी कुणाकडं बघायचं?”

मी फोन आत्याकडे दिला. आत्या ऐकत राहिली, “हं, हं” करत राहिली. मग फोन ठेवून माझ्याकडे बघितलं.

“काय सांगू तिला?”

“येत नाही म्हणून सांग.”

“बरं.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “गाडीत तुझी जागा ठेवते. रिकामी गेली तरी पेट्रोल तेवढंच लागतं.”

तिनं कारण विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

निलोफरताईचा एक लाडका तारा होता. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तिनं त्याचं नाव लिहिलं होतं, ‘शेजारी’. खरं तर त्याला नाव नव्हतं, नुसते आकडे. त्याच्याजवळ एक झगझगीत तारा असल्यामुळे उपग्रहांना त्याचं अंतर नीट मोजता आलं नव्हतं. गेल्या वर्षी निलोफरताईनं त्याचा वर्णपट घेतला आणि तो बटू निघाला. एवढ्या तेजाचा बटू म्हणजे आपल्या अगदी जवळचा. सूर्याचा आजवर कुणी न ओळखलेला शेजारी. तिचा शोधनिबंध लिहून तयार होता, फक्त आत्या तो छापायला पाठवू देत नव्हती.

“मॅडमना अजून पुरावा पाहिजे,” ती मला म्हणाली. “इकडे माझ्या अब्बांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेत. मशिदीपुढच्या चहावाल्यालासुद्धा माहितीये, मुजावरांच्या मुलीनं सूर्याला शेजारी मिळवून दिला.”

“शेजारी चांगला निघाला म्हणजे मिळवली,” आत्या तिकडून म्हणाली.

“मॅडम, तुम्ही ना, लग्नाच्या बैठकीत बसल्यासारख्या बोलता.”

“स्थळ एकदाच बघून कुणी होकार देतं का?”

निलोफरताई हसली. पण ती दिवसातून चार वेळा तरी त्या फळ्याकडे बघायची, हे मला दिसायचं. तो तारा तिला हवा होता. त्याच्यावर तिचा प्रबंध उभा होता आणि प्रबंधावर पुढचं सगळं. मला तिच्याकडे बघून एवढंच वाटायचं की काहीतरी हवं असणं हे कसं असतं, आपल्याला ते आधी माहीत होतं.

बुधवारी माझा ढीग संपला. आत्यानं दोन्ही गठ्ठे घेतले आणि आकडे पडताळायला बसली. मी खिडकीतून सायकल स्टँडवरच्या सायकली बघत होते.

“आर्द्रा,” आत्या म्हणाली, “इकडे ये. निलोफर, तूही ये.”

तिनं टेबलावर तीन कागद मांडले. दोन मी राक्षसांत टाकलेले, एक बटूंत.

“हे तिन्ही एकाच ताऱ्याचे आहेत.”

माझ्या लक्षात आलं नव्हतं. आत्याची ती पद्धतच होती. कागदांवर नाव नसायचं, आणि एकच तारा वेगवेगळ्या आकड्यांनी ती ढिगात मिसळून द्यायची. निवडणारा एकाच ताऱ्याला कधी हे, कधी ते म्हणतोय का, ते बघायला. निलोफरताईला स्वतःचे तारे निवडायला बंदी होती. ‘आईनं पोराचा पेपर तपासायचा नाही,’ असं आत्या म्हणायची.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

“थांब.”

निलोफरताईनं बटूंतला कागद उचलला. ती रेघ तिला पाठ असणार. नावाची गरजच पडली नाही.

“हा माझा आहे,” ती म्हणाली. “शेजारी.”

“हो. आणि हे दोन गेल्या आठवड्यात दुर्बिणीवरून आलेत. तुला सांगितलं नाही.”

“त्यांच्यात खाच नाही.”

“नाही.”

“माझ्यात आहे.”

“आहे. हा घेतलास तेव्हा तारा किती वर होता?”

निलोफरताईनं संगणक उघडला, बघितलं, आणि बघतच राहिली.

“खाली होता,” ती म्हणाली. “अगदी क्षितिजाला टेकत आलेला. मॅडम, तो मावळत होता. त्या दिवशी घेतला नसता तर पुढे कितीतरी महिने दिसलाच नसता. म्हणून गडबडीनं घेतला.”

“आणि हवेची खाच वजा केलीस ती?”

निलोफरताई खुर्चीत बसली.

“कोरा तारा डोक्यावरचा घेतला होता,” ती म्हणाली.

मला काही कळेना, तेव्हा आत्यानं पेन्सिलीनं दाखवलं. ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना आपल्या पृथ्वीच्या हवेतून येतो. हवेतला प्राणवायूही थोडा प्रकाश खातो आणि स्वतःची एक खाच पाडतो, नेमकी त्या जोडीच्या खाचेतच. म्हणून एखादा कोरा तारा बघतात, ज्याला तिथे स्वतःची खाच नसते. त्याच्यात जे दिसेल ते आपल्या हवेचं, तेवढं वजा करायचं. पण डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश थोड्या हवेतून येतो आणि मावळणाऱ्याचा कितीतरी जास्त हवेतून, तिरका. निलोफरताईनं डोक्यावरच्या हवेचा हिशेब मावळत्या ताऱ्याला लावला होता. उरलेली हवा त्या ताऱ्याच्या नावावर पडली.

“म्हणजे तो बटू नाही,” मी म्हटलं.

“नाही,” निलोफरताई म्हणाली. “राक्षस आहे. कुठल्या कुठे लांब.”

ती उठली आणि फळ्यावरचं नाव पुसलं. एकदा पुसल्यावर गेलं होतं, तरी ती पुसत राहिली. मग फोन घेऊन दारात गेली. अब्बांशी ती त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची, मला निम्मंच कळायचं. परत आली तेव्हा नाक लाल होतं.

“काय म्हणाले?” आत्यानं विचारलं.

“म्हणाले, आता पेढे परत कसे मागायचे. मग म्हणाले, मोठा निघाला ना? मग रडतेस काय. लांबचा का असेना, मोठा माणूस आहे.” तिनं गार झालेला चहा एका घोटात संपवला. “मी कप धुऊन आणते.” तिन्ही कप उचलले, त्यातला माझा अजून भरलेला होता, आणि गेली.

माझ्या पोटात काहीतरी हललं. तिच्यासाठी. कितीतरी दिवसांत तिथे काही हललं नव्हतं, म्हणून आधी मला वाटलं दोडका बाधला.

तो कागद टेबलावरच पडला होता. मी तो उचलला.

“आत्या, हा आता फाडणार?”

“फाडायचा कशाला?”

“खोटा आहे ना.”

“खोटा कसा? त्याच ताऱ्याचा प्रकाश आहे. मध्ये हवा फार होती, एवढंच.” ती गठ्ठ्याला रबर लावत होती. “ठेवायचा. वर लिहायचं, क्षितिजाजवळ घेतलेला. आणि तारा कोण ते ठरवताना तो वर असताना घेतलेले ते दोन धरायचे. मावळतीचा एकटा कधी धरत नाहीत.”

मी कागद खाली ठेवला.

“आत्या, बाबा म्हणाले, हिला बाहेर काढा.”

रबर लावता लावता तिचा हात थांबला.

“कधी?”

“दवाखान्यात. मी त्यांना वक्तृत्वाचं सांगत होते. माझा नंबर आला होता, ते सांगत होते. तर म्हणाले, हिचा आवाज बंद करा, माझ्या डोक्यात घुसतोय. ही माझी पोरगी नाही. हिला बाहेर काढा.”

“आणि वहिनी?”

“आई औषधं आणायला गेली होती.”

“मग?”

“मग मी बाहेर गेले.”

आत्यानं चष्मा काढला. ती आता म्हणेल, अगं तो आजार बोलत होता, त्यांच्या मनात तसं नव्हतं. मला ते माहीत होतं. माहीत असून काही उपयोग झाला नव्हता.

तिनं ते म्हटलं नाही. म्हणाली, “मला म्हणाला, शैले, तू माझी इस्टेट लुबाडायला आलीस.”

“कसली इस्टेट?”

“मीही तेच विचारलं. दोन कर्णे आणि एक खरखरणारा माईक. तर म्हणाला, कर्णे ने, पण माईकला हात लावायचा नाही.”

माझ्या नाकातून एक विचित्र आवाज आला. मी हसले होते. आत्या हसत नव्हती, ती पदरानं चष्म्याची काच पुसत होती. त्या कागदांचं आणि बाबांचं तिनं काही जोडून दाखवलं नाही. तिला उपमा आवडत नाहीत, तारे म्हणजे तारे, असं तिचं म्हणणं आहे. मीच त्या तीन कागदांकडे बघत बसले. माझ्याकडे बाबांचा एकच कागद होता, आणि वर्षभर मी तोच धरून बसले होते.

मी आईला फोन लावला.

“आई, मी येतेय.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आई ती संपेपर्यंत थांबली. “बरं झालं,” म्हणाली.

“पण तू मला बाबांचं सांगशील? आधीचं?”

“आधीचं म्हणजे?”

“आजारी पडायच्या आधीचं. काहीही. मी आठवायला गेले की दवाखानाच येतो, आई. त्याच्या आधीचं येतच नाही.”

आईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“तुझी लाल चप्पल हरवली होती,” ती म्हणाली. “आठवतंय का?”

“नाही.”

“मग ये. सांगते.”

गुरुवारी आम्ही निघालो. निलोफरताई संस्थेच्या फाटकापर्यंत आली. तिनं खिडकीतून माझ्या मांडीवर पेढ्यांचा पुडा ठेवला. “मिरजेहून आलेत. आता राक्षसाचे म्हणून खा,” म्हणाली. पुण्याबाहेर पडायच्या आत मी त्यातले पाच खाल्ले. गोड होते.

शुक्रवारी विधी झाले, पान वाढून झालं, पंगती उठल्या. दुपारी सगळी सोप्यात टेकली. सुपारी कातरत काकू म्हणाली, “काय गं आर्द्रा, पुण्याला जाऊन तरी बोलायला शिकलीस का?”

आईनं सकाळीच मला चपलेचं सांगितलं होतं, वाटण वाटता वाटता. मी उठून उभी राहिले. का ते माहीत नाही. बसून ते सांगता आलं नसतं.

“मी बालवाडीत होते,” मी म्हटलं. “भगवंत मैदानावर कबड्डीची फायनल होती. बाबा माईकवर आणि मी त्यांच्या शेजारी खुर्चीत झोपलेले. जाग आली तर माझी चप्पल नाही. मी भोकाड पसरलं. तर बाबांनी चालू सामना थांबवला.”

“थांबवला होता, खरंय,” सोलापूरचे मामा म्हणाले. “मी होतो तिथं.”

“आणि माईकवरून सांगितलं,” मी म्हटलं, आणि माझा आवाज आपोआप बदलला, खाली गेला आणि मग रुंद झाला, “खेळ दोन मिनिटं थांबवण्यात येत आहे. कुमारी आर्द्रा कमलाकर गव्हाणे यांची डाव्या पायाची लाल चप्पल हरवलेली आहे. दोन्ही संघांच्या खेळाडूंना विनंती, आपापल्या पायांखाली बघावं. चप्पल सापडल्याशिवाय पुढची चढाई होणार नाही.”

कुणीतरी हसलं. मग काकूचा अडकित्ता थांबला आणि तीही हसली. मामा डोळे पुसत म्हणाले, “चौदा गडी वाकून माती उकरत होते. आणि चप्पल कुठं होती, सांग त्यांना.”

“बाबांच्याच खिशात,” मी म्हटलं. “मी झोपले म्हणून त्यांनीच…”

आणि मी थांबले. माझा आवाज सोपाभर झाला होता, पार पुढच्या दारापर्यंत. या घरात मी एवढ्या मोठ्यानं वर्षभरात बोलले नव्हते. तो मलाच ऐकू आला. रडू आलं नाही, तेव्हाही नाही. फक्त तोंड उघडं राहिलं आणि पुढचे शब्द येईनात. सगळी माझ्याकडे बघत होती. भिंतीवरचे हार घातलेले बाबासुद्धा.

आत स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली.

“थांबलीस का?” आई आतून म्हणाली. “मोठ्यानं सांग. इथं मागं ऐकू येत नाही.”